जुईची पहिली दुर्बीण

"सहा इंची की आठ इंची? तेवढं एकदा सांगा बुवा, म्हणजे मी मोकळा झालो."

बुवांनी मान वर केली नाही. पिंपावर एक जाड काच पक्की बसवलेली होती, तिच्यावर दुसरी काच खर्रर्र खर्रर्र फिरत होती. चार घासण्या झाल्या की बुवा पिंपाभोवती एक पाऊल सरकत.

"बुवा, ऐकलंत ना?"

"ऐकलं. दहा फेऱ्या राहिल्यात. बस."

आता प्राध्यापक श्रीरंग उपळेकरांना असं 'बस' म्हणणारं माणूस जगात फारसं उरलं नव्हतं. कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. तीन तालुक्यांत त्यांची आकाशदर्शनाची व्याख्यानं होत, शाली मिळत, नारळ मिळत. पोरंटोरं त्यांना 'तारेवाले सर' म्हणत. अशा माणसाला उलट्या घमेल्यावर बसावं लागलं.

पण बसले. कारण समोर बुवा होते.

बुवांचं खरं नाव दौलतराव. पस्तीस वर्षं कोल्हापुरात चष्म्याच्या दुकानात भिंगं घासली, मग दुर्बिणीचे आरसे घासायचा नाद लागला आणि आजऱ्याच्या अलीकडे माळावर पत्र्याची शेड टाकून राहिले. वर्षाला दोन आरसे व्हायचे, फार तर तीन. गावानं नाव ठेवलं आरसेबुवा. गळ्यात माळ नाही, कपाळाला गंध नाही, मठाचं तर नावच नको. तरी माणसं पाया पडायची. बुवा म्हणायचे, "पडा बापडे. माझं काय जातंय?"

श्रीरंगनं आपला पहिला आरसा इथंच घासला होता, सोळाव्या वर्षी. प्रत्येक सत्कारात ते बुवांचं नाव आवर्जून घ्यायचे. फक्त गेली अकरा वर्षं इकडे फिरकले नव्हते. असो. मोठ्या माणसांना वेळ नसतो.

दहा फेऱ्या झाल्या. बुवांनी काच उतरवली.

"हं. काय म्हणत हुतास?"

"मुलीला दुर्बीण घ्यायचीय. पहिलीच. आठ वर्षांची आहे, जुई. ती काय बाहेर, तुमच्या शेळीपाशी."

बाहेर बाभळीखाली एक पोरगी शेळीला शेंगा भरवत होती. शेळीशी काहीतरी गंभीर बोलणं चाललं होतं.

सरांनी पिशवीतून छापील कागद काढले आणि बाजेवर मांडले. तीन दुर्बिणी. कुणाचा आरसा केवढा, कुणाचं नळकांडं किती लांब, कुठली कितीपट मोठं दाखवते, सगळं मुखोद्गत.

"ही तर बघा. हिला मोटर आहे. बटण दाबलं की आपली आपण शनीकडे वळते."

"आपली आपण?"

"आपली आपण!"

"मग पोरीनं काय करायचं?"

"बघायचं."

बुवांनी कागद उलटसुलट करून पाहिला, जणू बाजारातलं वांगं. परत ठेवला.

"पोर काय म्हणती? कुठली पायजे?"

"तिला काय कळणार बुवा यातलं?"

"व्हय, ते बी खरं." बुवांनी डोकं खाजवलं. "आजवर काय काय बघितलं तिनं?"

हा प्रश्न सरांच्या आवडीचा होता. ते घमेल्यावर सरसावून बसले.

"सगळं! शनीची कडी. गुरूचे चार चंद्र. मृगातला तेजोमेघ. आठव्या वर्षी, बुवा! कॉलेजची मोठी दुर्बीण मी गच्चीवर आणतो, लावून देतो, सगळं समजावून सांगतो. आणि ती बघते, म्हणते, दिसलं."

"कशी म्हणती?"

"म्हणजे?"

"म्हणून दाखव."

सरांना गंमत वाटली. मुलीचा आवाज काढायला ते तोंड उघडून बसले... आणि जसा आठवला तसा काढला.

"दिसलं."

शेडमध्ये तो शब्द पडला तो सपाटच पडला. हजेरीला पोरं 'हजर' म्हणतात तसा.

बुवा हातावरची काचेची पूड धुवायला लागले. एकदा धुतले, दोनदा धुतले, नखांत काडी घालून धुतले.

"मग अडलंय कुठं?" तिसऱ्यांदा पाणी घेता घेता त्यांनी विचारलं.

"अडलं कुठं... काही नाही. चांगली दुर्बीण घ्यावी म्हटलं."

"ते झालं. अडलंय कुठं?"

सर बाहेर बघत राहिले. पोरगी शेळीच्या गळ्यात गळा घालून बसली होती.

"ती येत नाही बुवा." आवाज जरा खाली आला. "गच्चीवर येत नाही माझ्याबरोबर. दिवाळीपासून. मी दुर्बीण बाहेर काढली की तिच्या पोटात दुखायला लागतं. तिची आई म्हणते, ओढून नेऊ नका तिला. मी काय ओढून नेतो का हो? मला वाटलं, तिची स्वतःची असली, मोठी असली, की येईल..."

"हं."

"मला दुसरं काही येत नाही तिला द्यायला. गोष्टी सांगता येत नाहीत, खेळता येत नाही. हे एवढंच आहे माझ्याकडे. आणि तेच तिला नको झालंय."

बोलून झालं आणि सरांना लाज वाटली. तीन तालुक्यांत एवढं बोलले, पण हे कुणापाशी बोलले नव्हते.

बुवांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले. "चल," म्हणाले.

शेडच्या मागं ओटा होता आणि ओट्यावर बुवांची दुर्बीण. लाकडी फळ्यांची चौकोनी पेटी, हिरवा रंग उडालेला, खाली फळकुटांचं बैठं बूड. आरसा मात्र बुवांच्या हातचा. सूर्य नुकताच टेकला होता. पंचमीची कोर पश्चिमेला चांगली वर होती.

बुवांनी पेटी चंद्राकडे वळवली, आयपीसला डोळा लावला, बाजूला झाले.

"बघ."

सरांनी पाहिलं आणि खरंच त्यांचा जीव निवला. खड्डे कसे कोरून काढल्यासारखे. डोंगरांच्या सावल्या. अकरा वर्षांत असा चंद्र बघितला नव्हता.

"वा! बुवा, वा!"

"ते ऱ्हाऊ दे. उजेडाची कड सोड. काळ्या अंगाला जा. पार मधोमध. एक बारका ठिपका हाय बघ. डोंगराच्या टोकावर ऊन पडलंय. दिसला?"

सर बघू लागले.

काळं होतं. नुसतं काळं. कडेच्या जवळ असतात असे ठिपके, हे त्यांना माहीत होतं. वर्गात शिकवलंही होतं. इतक्या आत, मधोमध, ऊन पोचेल कसं? पण बुवा सांगत होते. आजवर बुवांनी कधी काही दाखवलं नव्हतं. आज पहिल्यांदा बोट ठेवून दाखवत होते, आणि ते आपल्याला दिसू नये?

"दिसला?"

त्यांनी एक डोळा घट्ट मिटला. श्वास रोखला...

"दिसला का न्हाई?"

"हो... दिसला."

"केवढा?"

"बारीक आहे. मोहरीएवढा."

"रंग?"

"पिवळसर... पिवळसर आहे."

"शाबास!" बुवा म्हणाले. "मला आजून कधी दिसला न्हाई."

सरांनी डोळा काढला.

"म्हणजे?"

"तिथं काय न्हाई. मी आपलं म्हणालो."

आता मात्र सर तापले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ही काय चेष्टा आहे? मी इतक्या लांबून तुमच्याकडे विश्वासानं आलो आणि तुम्ही माझी परीक्षा घेता?"

"परीक्षा तू घेतोस, कॉलेजात. मी नुसतं इचारलं. दिसला म्हणून तू म्हणालास. मोहरी तुझी, पिवळा रंग बी तुझाच."

सरांनी दुर्बिणीकडे पाठ फिरवली.

"का म्हणालास रे?" बुवांचा आवाज अगदी मऊ झाला. आईनं लेकराला विचारावं तसा.

"तुम्ही एवढ्या हौसेनं दाखवत होता... नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि?"

"आणि..."

"बोल की."

"आणि तुम्हाला वाटलं असतं, याला एवढंसुद्धा येत नाही."

बुवांनी बाभळीकडे नजर टाकली आणि तिथंच ठेवली.

सरांनीही तिकडे पाहिलं. पोरगी. शेळी. आणि कानांत स्वतःचाच मघाचा आवाज, दिसलं. गच्चीवरचा, दर वेळचा, तोच सपाट आवाज. इतकी वर्षं आकाशाचा कानाकोपरा धुंडाळणाऱ्या माणसाला आपल्या घरातला एक शब्द ऐकू आला नव्हता.

"अरे देवा," ते म्हणाले. ओट्याच्या कडेला टेकले.

बुवांनी धीराचं बोलावं की नाही? छे. ते आयपीस काढून फडक्यानं पुसत बसले.

थोड्या वेळानं सर उठले आणि हाक मारली.

"जुई, इकडे ये गं बाळा."

पोरगी पळत आली. ओट्यावरची दुर्बीण पाहिली, तशी थबकली. हात आपोआप पोटावर गेला.

ते सरांनी पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं म्हणा ना. ते तिच्यासमोर मातीत उकिडवे बसले.

"बघायचं नाहीये काही. एक सांगायचंय. आत्ता या आजोबांनी मला चंद्रावर एक ठिपका बघायला सांगितला. मला दिसला नाही. तरी मी म्हणालो, दिसला."

जुईचे डोळे मोठे झाले.

"तुम्ही खोटं बोललात?"

"हो."

"आजोबांशी?"

"हो गं."

"मग? रागावले?"

"नाही."

तिनं बुवांकडे पाहिलं. बुवांचं फडकं चालूच होतं. रागावलेलं माणूस असं दिसत नाही, हे तिनं नीट पाहून घेतलं. मग पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढली. मग ती पुसली.

"बाबा..."

"बोल."

"शनी आहे ना..."

"हं."

"तो मला नाही दिसला."

"कधी?"

"कधीच."

"आणि गुरूचे चंद्र?"

"तुम्ही चार म्हणालात म्हणून मी चार म्हणाले."

"मग तुला काय दिसायचं गं?"

"काळं." तिनं विचार केला. "आणि पापण्या. माझ्याच. अशा फडफड, फडफड. आणि तुम्ही म्हणता हात लावू नकोस, हलेल. मी स्टुलावर चवड्यावर उभी असते ना, मला पडायची भीती वाटते. मग मी डोळेच मिटते. मग तुम्ही म्हणता, दिसलं? मग मी म्हणते..."

सर हसायला लागले. हसता हसता डोळे कधी भरून आले ते त्यांनाही कळलं नाही. आठ वर्षांची पोर, स्टुलावर चवड्यांवर उभी, अंधारात डोळे मिटून, बापाचं मन राखत. कुणासाठी? तर आपल्यासाठी. त्यांनी तिला पोटाशी धरलं. ती जरा अवघडली, मग सैल झाली.

"आजोबांकडच्यातूनही पापण्याच दिसतील का?" तिनं त्यांच्या खांद्यावरून विचारलं.

"ते मी कसं सांगू?" बुवा म्हणाले. "उचल रे रंगा."

दोघांनी मिळून दुर्बीण ओट्यावरून खाली जमिनीवर ठेवली. बुवांनी आयपीस घातलं. ते आता जुईच्या बरोब्बर डोळ्यापाशी आलं. स्टूल नको, चवडे नकोत. सरांचा हात सवयीनं पेटीकडे गेला, चंद्र लावून द्यायला. बुवांनी तो मनगटाला धरून बाजूला केला.

"हलव," ते जुईला म्हणाले.

"हलेल ना आजोबा!"

"हलायलाच केलीया."

जुईनं आधी एक बोट लावलं. पेटी हलली. तिनं बापाकडे पाहिलं. बाप काही बोलला नाही. मग तिनं दोन्ही हात लावले आणि पेटी इकडे फिरव, तिकडे फिरव, वर कर, खाली कर. चंद्र राहिला बाजूला, दुर्बीण बाभळीच्या शेंड्यावर गेली, मग शेडच्या पत्र्यावर गेली. सरांच्या जिभेवर 'अगं डावीकडे, डावीकडे' नाचत होतं. बुवा मनगट सोडायला तयार नव्हते.

बराच वेळ गेला.

"आई गं!" जुई किंचाळली.

पेटीला चिकटल्यासारखी ती उभी राहिली. हलेना, बोलेना. मग एकदम बोलणं फुटलं.

"बाबा, भोकं आहेत! केवढी भोकं! एका भोकात अजून एक भोक आहे! आणि बाबा, हा पळतोय! मी काही करत नाहीये, तरी पळतोय!"

का पळतो ते सरांना ठाऊक होतं. पृथ्वी फिरते म्हणून. सांगायला त्यांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. आजच्या दिवसातलं ते सर्वात मोठं काम होतं, असं म्हणायला हरकत नाही.

"पळू देत," एवढंच म्हणाले.

"बघा ना तुम्ही! या ना लवकर!"

सर पुढे झाले. आयपीस त्यांच्या कंबरेच्या थोडं वर होतं. वाकून जमेना. शेवटी मातीत गुडघे टेकले, एक हात जमिनीला लावला, मान वाकडी केली. हे सगळं होईतो चंद्र निघून गेला होता.

काळं. आणि पापण्या, फडफड, फडफड.

'वा, सुंदर!' अगदी ओठांवर आलं होतं.

"जुई," ते म्हणाले, "मला काहीच दिसत नाही गं."

पोरीनं असा आनंदाचा चीत्कार केला की शेळीनं मान वळवली.

"थांबा, थांबा! मी लावून देते! तुम्ही हात नका लावू हं, हलेल!"

ती कामाला लागली. सर गुडघ्यांवर तसेच बसून राहिले. पँट मातीत, शालीनारळांचा दिमाख मातीत, आणि मन कसं नदीत बुडी मारून आल्यासारखं.

बसल्या बसल्या त्यांना एक आठवलं. सोळाव्या वर्षी आरसा पुरा झाला त्या संध्याकाळी बुवांनी त्यांना दुर्बिणीपाशी सोडलं होतं आणि स्वतः शेळी बांधायला निघून गेले होते. तासभर आलेच नाहीत. श्रीरंगच्या मनात तेव्हापासून एक अढी होती. म्हातारा विक्षिप्त, पोरगा एवढा खपला आणि शनी सापडला तेव्हा शेजारी उभासुद्धा राहिला नाही. शनी त्यानं एकट्यानं शोधला होता. धडपडत, रडकुंडीला येत. आणि सापडल्यावर माळावरून ओरडत पळत सुटला होता.

शेळी बांधायला तास लागत नाही, हे आत्ता, इतक्या वर्षांनी लक्षात येत होतं.

ते उठले. बुवांजवळ गेले आणि पायांवर डोकंच ठेवलं. सत्कारात ठेवतात तसं नव्हे.

"बुवा, तुम्ही मला काय दिलं होतंत ते मला आज कळलं. अकरा वर्षं मी इथं आलो नाही. तुमचं नाव सांगत फिरलो आणि तुमच्याकडे आलो नाही. चुकलं माझं. तुमचे उपकार..."

"पुरे, पुरे. ऊठ. चहा टाक. चूल आत हाय, गवती चहा मागल्या दाराला. दूध न्हाई, धारेच्या वक्ताला ठेवलेल्या सगळ्या शेंगा तुझ्या लेकीनं शेळीला आधीच चारल्यात, आता ती धार द्यायची न्हाई."

"सापडला!" तिकडून आवाज आला. "बाबा, लवकर! पळायच्या आत!"

सर पळाले. पुन्हा गुडघे टेकले. या वेळी होता तो. अगदी कडेला, निम्मा बाहेर गेलेला. त्यांनी एवढे चंद्र लोकांना दाखवले, पण लेकीनं त्यांना दाखवलेला हा पहिलाच.

"दिसला?" जुईनं कानाशी विचारलं. श्वास रोखून.

"दिसला," ते म्हणाले. "अर्धाच दिसतोय. पण दिसला."

"अर्धाच कसा? सरका, सरका बघू!"

त्यांना बाजूला ढकलून ती पुन्हा पेटीला भिडली. पोटावरचा हात केव्हाच सुटला होता.

चहा झाला. बशीत ओतून झाला. माळावर गार वारा सुटला. जुई काही दुर्बीण सोडायला तयार नव्हती, तिचा चहा निवून गेला. निघायची वेळ झाली तसे सरांनी बाजेवरचे तिन्ही कागद गोळा केले, पिशवीत घालायला गेले आणि घुटमळले. शेवटी बाप तो बाप.

"बुवा, एवढं सगळं झालं खरं. पण दुर्बीण तर घ्यायचीच आहे तिला. तेवढं सांगाच. कुठली घेऊ?"

बुवांनी बशी पालथी घातली.

"जिच्यातनं तुला काय दिसणार न्हाई, ती घे."